चित्रातला डोंगर कोणता? हम्बोल्टच्या एका चित्राचं उशिरा केलेलं वाचन



नेहमी मी विषयाच्या व्याख्येपासून सुरुवात करतो. आज एका दुरुस्तीपासून करणार आहे. याच व्याख्यानमालेत मागे एकदा निरीक्षण आणि ज्ञान यांच्याविषयी बोलताना मी तुम्हाला एक चित्र दाखवलं होतं. दक्षिण अमेरिकेतला चिंबोरासो हा पर्वत, उभा चिरलेला, आणि त्याच्या पोटात बारीक अक्षरांत लिहिलेली झाडांची नावं. चित्र अलेक्झांडर फॉन हम्बोल्टचं, १८०७ सालचं. ते दाखवून मी म्हणालो होतो की, दोनशे दहा वर्षांनी संशोधक त्याच पर्वतावर पुन्हा गेले आणि त्यांना झाडं अर्धा किलोमीटर वर चढलेली आढळली. हवामान बदलत असल्याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही. ‘सुंदर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. आज तोच मला खटकतो.

त्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंची मेल आली. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. मेल दोनच ओळींची. ‘सर, हम्बोल्टने ती झाडं त्याच डोंगरावर पाहिली होती का? की डोंगर फक्त चित्रापुरता?’ खरं सांगतो, मला प्रश्न जरा किरकोळ वाटला. इतकं मोठं चित्र, इतका मोठा माणूस, आणि बाई विचारतायत की डोंगर तोच का! तरी उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की हाच प्रश्न काही संशोधकांनी आधीच विचारलाय, त्याचं उत्तर शोधलंय, आणि ते उत्तर माझ्या वाक्याच्या विरोधात जातंय. मी चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना हेत्वाभास ओळखायला लावले. माझ्याच वाक्यातला मला दिसला नाही. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे एका चित्राची आणि त्या चित्राच्या एका वाचकाची समीक्षा आहे. वाचक म्हणजे अर्थातच मी.

आधी चित्राकडे नीट बघू. हम्बोल्ट आणि त्याचा सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां हे दोघं १७९९ ते १८०४ अशी पाच वर्षं अमेरिका खंडात हिंडले. १८०२ साली ते आजच्या इक्वेडोरमध्ये होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ते किटो शहराजवळच्या अँटिसाना या ज्वालामुखी पर्वतावर गेले आणि २३ जूनला चिंबोरासोवर. चिंबोरासो सव्वासहा हजार मीटरहून उंच आहे, आणि त्या काळी तो जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जाई. हे लोक माथ्यापर्यंत पोचले नाहीत, पण हम्बोल्टच्या मापाप्रमाणे सुमारे ५,९०० मीटरपर्यंत गेले. विरळ हवेत, हिरड्यांतून रक्त येत असताना, बरोबर हवेचा दाब मोजायचं यंत्र घेऊन. पुढच्या वर्षी ग्वायाकिल बंदरात त्याने या चित्राचा पहिला कच्चा आराखडा काढला आणि १८०७ मध्ये वनस्पतींच्या भूगोलावरच्या निबंधाबरोबर ते पॅरिसमध्ये छापलं.

चित्रात एका बाजूला पर्वत रंगवलेला आहे, बर्फ, ढग, खाली जंगल. दुसऱ्या बाजूला तोच पर्वत कापून दाखवलाय, आणि कापलेल्या भागावर ज्या उंचीला जी वनस्पती, त्या उंचीला तिचं नाव. मागे कोटोपाक्सी हा दुसरा ज्वालामुखी धूर सोडतोय. आणि दोन्ही कडांना रकानेच रकाने. त्या त्या उंचीवर हवेचा दाब किती, तापमान किती, पाणी किती अंशांना उकळतं, आभाळ किती निळं दिसतं, कोणते प्राणी राहतात, माणूस कोणती पिकं घेतो. एका कागदावर एवढं सगळं.

या चित्राचं मोठेपण मी कमी करणार नाही. त्याच्या आधी वनस्पतिशास्त्र म्हणजे बहुतेक करून नावांची यादी होती. ही वनस्पती कोणत्या कुळातली, तिला पाकळ्या किती. हम्बोल्टने विचारलं, ती राहते कुठे, आणि तिथेच का राहते? डोंगर चढत जावं तसं तापमान दर शंभर मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंश उतरतं. विषुववृत्ताजवळ वर्षभर ऋतू फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथे उंची हाच ऋतू. खाली कायमचा उन्हाळा, वर कायमची थंडी, आणि मध्ये वनस्पतींचे एकावर एक पट्टे. पट्टे कोणाच्याही डोळ्यांना दिसतात. कोलंबियाचा फ्रान्सिस्को होसे दे काल्दास हा विद्वानही त्याच काळात, त्याच मुलखात याच दिशेने काम करत होता. पण पट्टे, तापमान, दाब, शेती हे सगळं एका नजरेत एकमेकांशी जोडून दाखवलं ते या चित्राने.

आणि चित्र किती प्रभावी होतं बघा. जर्मन आवृत्ती हम्बोल्टने महाकवी गटेला अर्पण केली आणि पुस्तकाची प्रत त्याला पाठवली, पण प्रतीबरोबर चित्र नव्हतं. गटेला चैन पडेना. त्याने मजकूर वाचून स्वतःच एक चित्र काढलं, जुन्या आणि नव्या जगातल्या पर्वतांच्या उंचीची तुलना करणारं. त्याने ना चिंबोरासो पाहिला होता, ना हम्बोल्टचं चित्र. ही गोष्ट मी वर्गात कल्पनाशक्तीचा गौरव म्हणून सांगत असे. आज मला तिच्यात एक इशाराही दिसतो. चांगल्या चित्राची भूक इतकी असते की, डोंगर न पाहताही डोंगर उभा राहतो.

आता २०१२ सालाकडे येऊ. नाइया मोरुएता-होल्म आणि त्यांचे सहकारी चिंबोरासोवर गेले आणि आज कोणती वनस्पती किती उंचीवर आहे ते त्यांनी नोंदवलं. हम्बोल्टच्या नोंदींशी त्याची तुलना केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. वनस्पतींची वरची हद्द सुमारे ४,६०० मीटरवरून जवळजवळ ५,२०० मीटरवर गेली, आणि पट्टे सरासरी पाचशे मीटरहून अधिक वर सरकले. मी तुम्हाला सांगितलेला अर्धा किलोमीटर तो हाच.

मग २०१९ मध्ये दुसरा निबंध आला. त्याचे पहिले लेखक पिएर मोरे हे पुरातत्त्व आणि इतिहास यांत काम केलेले गृहस्थ. बरोबर इक्वेडोरमधले आणि फ्रान्समधले वनस्पती व पर्यावरणाचे अभ्यासक. या मंडळींनी डोंगराआधी दप्तर चाळलं. हम्बोल्टच्या रोजनिशा, हस्तलिखितं, बोंप्लांने गोळा केलेल्या वनस्पतींच्या नोंदी. आणि प्रत्येक नावाला विचारलं, बाई गं, तू कुठे सापडलीस? उत्तर निघालं ते असं. वृक्षरेषेच्या वरच्या वनस्पतींची जी माहिती चित्रात चिंबोरासोच्या पोटात लिहिलेली आहे, ती बहुतांशी चिंबोरासोवरची नाहीच. ती अँटिसानावरची आहे, मार्च १८०२ च्या त्या चढाईतली. मग ते २०१७ मध्ये अँटिसानावर गेले. तिथे झाडं वर सरकली होती का? होय, सरकली होती. पण २१५ ते २६६ मीटर. माझ्या अर्ध्या किलोमीटरच्या साधारण निम्मं.

बाईंचा प्रश्न किरकोळ नव्हता.

आता जरा आपल्या तर्कशास्त्राकडे वळतो. गंमत अशी की आपल्याकडे अनुमानाचं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण डोंगराचंच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. इथे डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. नवे विद्यार्थी सगळं लक्ष व्याप्तीवर देतात, म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी हे खरं का, यावर. पण नैयायिक तेवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात, तो धूर याच डोंगरावर आहे ना? हेतू पक्षावर असायलाच हवा. त्याला पक्षधर्मता म्हणतात. शेजारच्या डोंगरावरचा धूर दाखवून या डोंगरावरचा अग्नी सिद्ध करता येत नाही. केला तर तो हेत्वाभास, आणि त्याचं नाव स्वरूपासिद्ध.

माझ्या वाक्याला हे लावून बघा. पक्ष चिंबोरासो. साध्य, त्यावरची झाडं अर्धा किलोमीटर वर सरकली. हेतू असा की १८०२ मध्ये ती इतक्या उंचीवर होती आणि आता तितक्या उंचीवर आहेत. व्याप्तीत खोट नाही. एकाच डोंगरावर हद्द आधी खाली होती आणि आता वर असेल, तर ती सरकली हे उघड आहे. पण हेतूचा अर्धा भाग शेजारच्या डोंगरावरचा निघाला. आणि डोंगर वेगळा म्हणजे सगळंच वेगळं असू शकतं, पावसाची बाजू, माती, गुरांची चराई, बर्फाची खोली. तेव्हा दोन उंचींमधला सगळा फरक काळाचा आहे असं म्हणता येत नाही. त्यातला काही दोन डोंगरांमधलाही असेल.

मग हम्बोल्टने फसवलं का? इथे मी त्याची बाजू घेतो. चित्राचं लांबलचक फ्रेंच शीर्षक वाचा. त्यात तो ‘चिंबोरासोचं चित्र’ असं म्हणतच नाही. अँडीज आणि आसपासचे देश, उत्तरेकडच्या दहाव्या अक्षांशापासून दक्षिणेकडच्या दहाव्या अक्षांशापर्यंत, १७९९ पासून १८०३ पर्यंत घेतलेल्या मापांवरून, असं ते शीर्षक आहे. म्हणजे हा एक डोंगर नव्हताच. वीस अक्षांशांच्या मुलखातल्या आणि पाच वर्षांतल्या निरीक्षणांना राहायला एक घर हवं होतं, म्हणून त्याने चिंबोरासोची आकृती घेतली. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर त्याने जाती काढली होती. आपण ती व्यक्ती म्हणून वाचली. गाईचं चित्र असलेला पाठ्यपुस्तकातला तक्ता घेऊन कोणी गोठ्यात जावं आणि म्हणावं, हिची शिंगं गेल्या वर्षीपेक्षा वाढलीत, असं झालं ते!

पण हम्बोल्टलाही मी पूर्ण सोडत नाही. ज्या चित्रात उंची मीटर आणि त्वाज या मापांत इतकी काटेकोर दिलेली आहे, त्या चित्रात स्थळ मात्र पुसलं जातं. उंचीला रकाना आहे, डोंगराला नाही. तो काटेकोरपणाच वाचकाला भुलवतो. आकडा अचूक दिसला की आपण गृहीत धरतो की बाकीचंही अचूक असणार. आणि आणखी एक नाव या कागदावरून पुसट होतं. रोपं खुडणारा, वाळवणारा, वहीत टिपणारा बोंप्लां. पुस्तकावर त्याचं नाव आहे, पण जग हे चित्र हम्बोल्टचं म्हणूनच ओळखतं. दोनशे वर्षांनी खरा डोंगर सापडला, तो अशाच पडद्यामागच्या कागदांच्या मदतीने. दप्तर सांभाळणाऱ्यांचे उपकार असे उशिरा कळतात.

इथे कोणीतरी हात वर करणार, हे मला माहीत आहे. मागच्या बाकावरून नेहमी येतो तो प्रश्न. ‘म्हणजे सर, ते पाचशे मीटर फुगवलेले होते. मग हे हवामान बदलाचं सगळंच फुगवलेलं कशावरून नाही?’ प्रश्न रास्त आहे. त्याला रागावून उत्तर देऊ नये. उत्तर असं.

पहिली गोष्ट, चुकली ती मात्रा. दिशा चुकली नाही. दोन्ही निबंध म्हणतात, वर. दुसरी गोष्ट, दुरुस्त केलेला आकडा एकटा उभा नाही. दोनशे पंधरा वर्षांत २१५ ते २६६ मीटर म्हणजे दर दशकाला सरासरी दहा ते बारा मीटर. जगातल्या इतर पर्वतांवर जे दिसतंय त्याच्याशी हे जुळतं. जुना आकडाच एकटा पडत होता, आणि तो ऐकूनच मी थबकायला हवं होतं. साधा हिशोब होता. शंभर मीटरला साधारण सहा दशांश अंश धरले तर पाचशे मीटर म्हणजे तीन अंश. औद्योगिक काळापूर्वीपेक्षा पृथ्वीचं सरासरी तापमान एका अंशाहून थोडं जास्त वाढलंय. उंच डोंगरांवर ते काहीसं अधिक वाढतं हे धरलं, तरी तीन अंश कुठून आणायचे? दोनशे-अडीचशे मीटर मात्र या हिशोबात सहज बसतात. पाठ्यपुस्तकातलं गणित. मी केलं नाही, कारण आकडा मला हवा तसा होता.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. हम्बोल्टचा काळ हा इतिहासकार ज्याला लघु हिमयुग म्हणतात त्याच्या शेवटाकडचा, म्हणजे मुळात थंड. तेव्हा १८०२ आणि आज यांच्यातला सगळाच फरक माणसाच्या धुराड्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही. मग माणसाचा हात दिसतो कुठे? तो वेगात दिसतो. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. सुमारे दीडशे वर्षांच्या नोंदी आहेत त्या. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत या शिखरांवर नव्याने आलेल्या वनस्पती, त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या दशकाच्या तुलनेत पाचपट होत्या. आणि हा वेग तापमानवाढीच्या वेगाबरोबर वाढताना दिसतो. इथे पुरावा एका चित्राचा नाही. शेकडो माथ्यांचा आहे, पुन्हा पुन्हा मोजलेल्या माथ्यांचा. दिसायला मुळीच सुंदर नाही. नुसते तक्ते. पण पक्षधर्मता आहे.

ही झाली माझ्या वाक्यातली पहिली चूक. दुसरी चूक क्रियापदात होती आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपण सगळेच करतो. ‘झाडं वर चढली.’ मित्रहो, झाड चढत नाही. झाड जिथे रुजलं तिथे मरतं. वर काय होतं? वाऱ्याने, पाखराने एखादं बी वर नेलं, पूर्वी ते थंडीने मेलं असतं, आता जगलं. खाली काय होतं? जुनं रोप म्हातारं होऊन गेलं आणि त्याच्या जागी नवं उगवलं नाही, किंवा खालून आलेल्या उंच, जोमदार झाडाच्या सावलीत ते संपलं. वरचे जन्म आणि खालची मरणं यांची बेरीज करून आपण म्हणतो, जात वर सरकली. सरकते ती जात. एकेक झाड नव्हे. चित्र वाचताना मी जातीला व्यक्ती समजलो, आणि झाडांविषयी बोलताना जातीची गोष्ट व्यक्तीच्या अंगाला चिकटवली. घोटाळा एकच, दिशा उलटी.

हा नुसता शब्दच्छल नाही, कारण ‘चढली’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो. मनात येतं, बरं झालं, उकडायला लागल्यावर वर गेली, शहाणी आहेत. मरणं दिसेनाशी होतात. वस्तुतः वरचे जन्म आणि खालची मरणं यांचा वेग एकच असेल असं मुळीच नाही. डोंगरावरच्या वनस्पती चिवट असतात. आल्प्समध्ये एक गवतासारखी वनस्पती आहे, कॅरेक्स कर्व्युला. ती मुळांशी पसरत जाते, आणि तिच्या एकेका ठोंबाचं वय सुमारे दोन हजार वर्षांपर्यंत असल्याचा अंदाज आहे. तिने किती थंड-उष्ण काळ पाहिले असतील! अँडीजमधल्या अझोरेलासारख्या वनस्पती उशीसारख्या घट्ट गोळ्याने वाढतात. आतली ऊब धरून ठेवतात, आणि त्या उशीत इतर रोपंही आसरा घेतात. शिवाय झाड आपल्या हवामान खात्याच्या तापमानात राहत नाही. बोटभर उंचीचं रोप उन्हाच्या कुशीत वरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, आणि दहा पावलांवर खडकाच्या सावलीतलं कितीतरी गार. आल्प्सचा आयुष्यभर अभ्यास केलेले क्रिस्टियान कोर्नर हे सातत्याने सांगत आलेत. शंभर मीटर वर जाण्याऐवजी खडकाच्या पलीकडे गेलं तरी काहींचं भागतं.

म्हणजे चिंता नको? तसं नाही. मी ज्या भागातून येतो तिथली एक गोष्ट सांगतो. आमच्या घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत आज घरं उघडी आहेत, अंगणात तुळस आहे, संध्याकाळी दिवा लागतो. खानेसुमारीवाला आला तर घरटी माणसं सापडतात. पण शाळेला कुलूप आहे, कारण घरात सगळी माझ्या वयाची माणसं. गाव आहे का? आहे. पुढे असेल का? ते त्या कुलपाला विचारा. आल्प्समधल्या दीडशे वनस्पतींवर २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने नेमका हा धोका मांडला. शतकाअखेरीस या वनस्पती आपलं सरासरी चव्वेचाळीस ते पन्नास टक्के क्षेत्र गमावतील असा त्यांचा हिशोब आहे. पण त्याहून घोर वाक्य पुढे येतं. जे क्षेत्र उरलेलं दिसेल, त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग तोवर त्यांना राहण्यालायक उरलेला नसेल. झाडं उभी असतील, पण उधारीवर. शास्त्रज्ञांनी त्याला कर्ज असंच नाव दिलंय. म्हाताऱ्या झाडांचा चिवटपणा हप्ता पुढे ढकलतो. मुद्दल माफ करत नाही.

म्हणून शिखरावर वनस्पतींची संख्या वाढली ही बातमी आनंदाची समजू नका. युरोपातल्या ६६ शिखरांची २००१ आणि २००८ अशी दोनदा मोजणी झाली. उत्तरेकडच्या आणि मध्य युरोपातल्या माथ्यांवर सरासरी चार जाती वाढल्या. भूमध्य समुद्राकडच्या माथ्यांवर सरासरी एखाद-दीड जात कमी झाली. वर सरकणं दोन्हीकडे होतं. पण दक्षिणेत उष्म्याबरोबर पाण्याचीही ओढ आहे, आणि वर येऊ शकणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची संख्या जास्त झाली. उत्तरेतही आज पाहुणे आलेत म्हणून घर भरलेलं दिसतं. उद्या मूळ मालकाला जागा उरेल का, हे आजच्या शिरगणतीत कळत नाही. कॅलिफोर्नियातल्या चौसष्ट वनस्पतींच्या अभ्यासात तर गेल्या सत्तरेक वर्षांत पट्टे सरासरी खाली सरकल्याचं २०११ मध्ये मांडलं गेलं, कारण तिथे त्यांना उष्णतेपेक्षा पाणी अधिक महत्त्वाचं ठरलं. त्यावर वाद झाला, तो व्हायलाच हवा. पण ‘तापलं की वर’ हे सूत्र डोळे मिटून लावता येत नाही, एवढं त्याने शिकवलं.

आपल्या देशाकडे येऊ. सिक्कीममध्ये १८४९-५० साली जोसेफ डाल्टन हूकर हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हिंडला. त्याच्या नोंदी आधाराला घेऊन २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी १२४ स्थानिक वनस्पतींचा अभ्यास केला आणि त्यांतल्या ८७ टक्के वनस्पतींचं क्षेत्र सरकल्याचं मांडलं. हा निबंध मी आता पुन्हा वाचतोय आणि त्यालाही बाईंचाच प्रश्न विचारतोय. खोरं तेच का, वाट तीच का, हूकरने उंची कशी मोजली, आणि जिथे त्याने एखादी वनस्पती नोंदवली नाही तिथे ती नव्हती, की त्याने पाहिली नाही? असा प्रश्न विचारणं म्हणजे त्या संशोधकांवर अविश्वास नव्हे. पुराव्याला मान देण्याची ती रीत आहे.

आणि सह्याद्री? व्याख्यानाआधी दोघांनी विचारलं की कासची फुलंही वर चालली आहेत का. वर कुठे जाणार? कासचं पठार सुमारे बाराशे मीटरवर, आणि अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. इथे हिमरेषा नाही, थंडीने आखलेली वृक्षरेषा नाही. आपल्या सड्यांवरची गेंद किंवा सीतेची आसवं यांचं आयुष्य बोटभर मातीवर आणि पाऊस कधी येतो, कधी थांबतो यावर आखलेलं आहे. त्यांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न उंचीचा नसून वेळेचा आणि पाण्याचा आहे. चिंबोरासोचं चित्र सह्याद्रीवर ठेवलं तर मी केली तीच चूक तिसऱ्यांदा होईल. दुसऱ्या डोंगराचा धूर, या डोंगराचा अग्नी.

शेवटाकडे येतो. हम्बोल्टचं चित्र मी यापुढे दाखवणार नाही का? दाखवीन. पण दाखवताना आधी शीर्षक वाचून दाखवीन आणि शेजारी अँटिसानाचं नाव लिहीन. त्या अँटिसानाच्या परिसरातून आज किटो शहराला पिण्याचं पाणी जातं. म्हणजे तिथलं गवत, तिथल्या त्या उशा आणि त्यांच्याखालची स्पंजासारखी माती हा काही केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय नाही. कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या नळाचा विषय आहे. तिथे दोनशे पंधरा मीटर की पाचशे मीटर, हा फरक बोलणाऱ्याला कमी नाट्यमय वाटेल, पण पाण्याचं नियोजन करणाऱ्याला खरा आकडाच लागतो. वाढवून सांगितलेलं संकट एकदा उघडं पडलं की खरं संकटही लोक ऐकेनासे होतात. या वयात मला भीती वाटते ती त्याची. विरोधकांपेक्षा माझ्यासारख्या उत्साही समर्थकांची.

बाईंना मी उत्तर पाठवलं. लिहिलं, ‘डोंगर तो नव्हता. तुमचा प्रश्न बरोबर होता, माझं वाक्य चूक होतं.’ त्यांची उलट मेल आली. ‘सर, मग खऱ्या डोंगराचं काय झालं?’ त्याचंच उत्तर म्हणून आजचा हा तास.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकापासून सुरुवात करा.